खिडकी कापलेली पत्रिका

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव सुरू झाला
की आमच्या फळ्यावरही बारीक पिवळं बसतं.
त्या फळ्यापुढं उभी राहून
चौथीतली गंगासागर स्वतःचं नाव लिहीत होती.
गगांसागर. पुसलं.
गंगसागार.
वर्ग हसला. मीही जराशी हसले असेन,
आठवत नाही म्हणणं आता सोयीचं आहे.

दहा वेळा लिही, म्हटलं.
तिनं लिहिलं दहा वेळा,
दहा वेगवेगळ्या मुली.

तिच्या वहीत घराचं धर होतं, भाताचा मात,
रफार कटलेल्या पतंगासारखा
भलत्याच अक्षरावर जाऊन अडकतो.
निष्काळजी, असा शेरा मारला मी लाल शाईनं.
त्यातला ष्क
तिला वाचता आला नाही.

मधल्या सुट्टीत, खिचडीची ताटं वाजत असताना,
विचारलं एकदा: काय दिसतं गं तुला?
बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.
"दिसतंय की समदं.
पर कोनतं अक्षर काय म्हनू लालंय
ते मला लवकर ऐकू येत नै.
तवर तुमी म्होरं जाता."

तुमी म्होरं जाता.
सतरा वर्षं मी म्होरंच जात होते.

पंचवीस लिही म्हटलं तर बावन्न लिहिते.
रागवायला तोंड उघडलं,
आणि तोंडातच तो आकडा फिरवून पाहिला:
पंच आधी, वीस मागून.
बोलताना पाच पुढं, लिहिताना दोन.
ही खोड तर भाषेचीच,
पोरीनं फक्त ऐकलं तसं लिहिलं.

हिंगोलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, चहा दोनदा.
जोडाक्षरं ज्यांना छळतात
त्यांच्या त्रासाला कुणीतरी नाव दिलंय: डिस्लेक्सिया.
मराठीत म्हणे अध्ययन अक्षमता.
दोन्ही शब्द तिच्यापासून लपवून ठेवले मी.

ताटात हळद पसरली. बोटानं गिरव.
घराच्या घ वर पत्रे पूर्ण आहेत,
धरणाच्या ध वरचे उडालेत.
म नं डोकं झाकलंय, भ चं उघडं.
मोठ्यानं म्हण, बोट चालू दे, घाई नाही.
काही दिवस जमलं. काही दिवस
कालचं सगळं पुन्हा पुसलेलं,
आणि माझा आवाज चढलेलाच.

मग भावाच्या लग्नाची उरलेली पत्रिका घेतली,
जाड पुठ्ठ्याची,
मधोमध एका ओळीएवढी खिडकी कापली.
पानावर ठेवली की बाकीची गर्दी झाकली जाते,
एकच ओळ दारात येऊन उभी राहते.
त्या खिडकीतून तिनं पहिला धडा वाचला.
तीन ओळी, अकरा मिनिटं.
मागच्या बाकावरचा इर्शाद, जो कुणालाच थांबू देत नाही,
तोही थांबला.

तिचे वडील मुंजाजी, मोंढ्यात हमाल.
दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी.
"ह्याला गोळी असती का?"
नाही.
"मंग जाईल का?"
जाणार नाही. पण वाट सापडेल.
वेळ जास्त द्यायचा, प्रश्न वाचून दाखवायचा,
तोंडी येतं ते तोंडी घ्यायचं.
आणि मारायचं नाही, मी म्हटलं,
माझ्याच पट्टीकडं बघत.

ते पोत्यांवरच्या खुणा ओळखतात,
कुठल्या आडतीचा माल, लांबून सांगतात.
"म्या तिसरीतून पळालो," म्हणाले.
"तवा असं कुनी इचारलं नै."
जरा थांबून, दुसरीकडं बघत:
"तसलीच आनखी एक खिडकी कापून द्या.
जरा मोठी."
कुणासाठी, मी विचारलं नाही.

परवा गंगासागरच्या दप्तरात
चुकून ती मोठी खिडकी आली होती.
कडेला अंगठ्याचा ठसा, पिवळाधमक.
पत्रिकेला एवढ्या उशिरा
हळद लागली होती.